नॉर्मलाइझ केलं, तरी आवाज वर-खाली का?

ई-लर्निंगचे कोर्स बनवणाऱ्यांमध्ये एक समजूत पक्की बसली आहे: ऑडिओ सॉफ्टवेअरमधली 'नॉर्मलाइझ' ही आज्ञा प्रत्येक स्लाइडच्या ऑडिओला दिली की सगळ्या स्लाइड्सचा आवाज एकसारखा होतो. तसं होत नाही. उलट, मुळात एकसारखे असलेले आवाज या आज्ञेमुळेच वेगळे होऊ शकतात.

व्हिडिओत निवेदनाचा बहुधा एकच सलग ट्रॅक असतो. पॉवरपॉइंट, स्टोरीलाइन किंवा कॅप्टिव्हेट अशा कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र निवेदन स्लाइडगणिक तुटतं. शिकणारा पहिल्या स्लाइडला हेडफोनचा आवाज बेतून घेतो आणि 'पुढे' दाबल्यावर तोच आवाज येईल असं धरून चालतो. तो अचानक दबला किंवा कानावर आदळला, तर हात व्हॉल्यूमकडे जातो आणि नव्या स्लाइडचं पहिलं वाक्य ऐकायचं राहून जातं.

डिजिटल ऑडिओ म्हणजे ध्वनिलहरीच्या उंचीची नोंद, सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा घेतलेली. अशा एका नोंदीला सॅम्पल म्हणतात. ० डेसिबल ही कमाल मर्यादा, त्याखालचं सगळं उणे. नॉर्मलाइझ ही आज्ञा क्लिपमधलं सर्वांत उंच सॅम्पल शोधते, ते ठरलेल्या पातळीवर, समजा उणे १ डेसिबलवर, नेते आणि बाकीची क्लिपही तेवढीच वर उचलते. म्हणजे लाखो सॅम्पल्सचा निर्णय एकट्या सॅम्पलवर!

आता एकाच बैठकीत, एकाच माइकवर रेकॉर्ड केलेल्या दोन क्लिप घ्या. पहिलीचं शिखर उणे १० डेसिबल. दुसरीतही बोलणं तेवढ्याच पातळीवर आहे, पण तिची सुरुवात 'पाण्याचा' या शब्दाने होते. 'प' म्हणताना मिटलेले ओठ उघडले आणि हवेचा झोत थेट माइकच्या पडद्यावर आदळला. शिखर गेलं उणे २ वर. नॉर्मलाइझ पहिली क्लिप ९ डेसिबलने उचलतं, दुसरी फक्त १ ने. बोलण्याच्या पातळीत ८ डेसिबलचा फरक पडला, शक्तीच्या हिशेबात सहा पटींहून जास्त! १० डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट वाटतो, त्यावरून हा किती जाणवेल ते बघा.

त्या 'प'चा कानावर इतका प्रभाव का पडत नाही? कारण आवाजाचा मोठेपणा ठरवताना कान शिखर बघत नाही, सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्शातली ऊर्जा गोळा करतो. शिवाय झोताची ऊर्जा बरीचशी खालच्या वारंवारतांमध्ये, म्हणजे खर्जात, असते आणि तिथे आपला कान मंद आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं.

कानासारखं मोजायची रीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये ठरवून दिली. आवाज आधी एका फिल्टरमधून जातो: अगदी खालच्या वारंवारता कापल्या जातात, वरच्या सुमारे ४ डेसिबलने उचलल्या जातात. मग ४०० मिलिसेकंदांचे एकमेकांवर चढलेले तुकडे पाडून प्रत्येकातल्या सॅम्पल्सच्या वर्गांची (स्वतःशीच गुणून आलेल्या आकड्यांची) सरासरी काढतात. हे तुकडे नंतरच्या सुधारणेत आले, आणि त्यांच्यासोबत गाळणीही: उणे ७० च्या खालचे तुकडे बाद, उरलेल्यांच्या सरासरीपेक्षा १० डेसिबलहून जास्त खाली असलेलेही बाद. राहिलेल्यांची सरासरी म्हणजे क्लिपचा लाउडनेस, एकक एलयूएफएस. स्लाइडच्या कामात ही गाळणी मला सर्वांत मोलाची वाटते. अ‍ॅनिमेशन उमटेपर्यंत निवेदक थांबतो. त्या शांततेला हिशेबात धरलं असतं, तर जास्त विराम असलेली स्लाइड उगाच 'हळू' ठरून जास्त उचलली गेली असती.

ऑडिओची काळजी 'श्रवणप्रधान', म्हणजे ऐकून जास्त शिकणाऱ्या, विद्यार्थ्यांसाठी घ्या, असं सांगून कोर्स विकले जातात. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी या शिक्षणशैलींच्या कल्पनेमागचे पुरावे तपासले. शैलीनुसार शिकवल्याने जास्त शिकता येतं, याला पुरेसा आधार मिळाला नाही. नीट ऐकू येणं प्रत्येकालाच लागतं.

ऑडासिटी या ऑडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'नॉर्मलाइझ' आणि 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. आपल्याला दुसरी हवी. युरोपातल्या प्रसारणासाठी उणे २३ एलयूएफएस हे लक्ष्य आहे, पॉडकास्टसाठी अ‍ॅपल उणे १६ सुचवतं. हेडफोनवर ऐकायच्या कोर्सला मी उणे १६ घेईन, पण महत्त्वाचं हे की सगळ्या क्लिपना एकच आकडा द्यायचा. तो 'प' मात्र आधी हाताने खाली आणावा लागेल, नाहीतर क्लिप उचलताना तो ० ला धडकून फाटेल. आणि पुढच्या रेकॉर्डिंगला माइक तोंडासमोरून थोडा बाजूला ठेवा, म्हणजे झोत पडद्यावर न आदळता शेजारून निघून जाईल.