संदर्भ-व्यवस्थापन सॉफ्टवेअर

संदर्भ-व्यवस्थापन सॉफ्टवेअर : अभ्यासलेल्या ग्रंथ-लेखांच्या नोंदी साठवून लिखाणातील त्यांचे उल्लेख व अखेरची संदर्भसूची ठरावीक शैलीत तयार करून देणारी संगणकीय प्रणाली. शोधप्रबंध व पदव्युत्तर अभ्यासासाठी विद्यापीठांत तिचा सर्रास वापर होतो. झोटेरो, मेंडेली, एण्डनोट, जॅबरेफ ही प्रचलित नावे.

उगम : या प्रकाराचा आरंभ कोठून मानावा याविषयी एकमत नाही. वैयक्तिक संगणकासाठी विकल्या गेलेल्या रेफरन्स मॅनेजर व एण्डनोट या 1980 च्या दशकातील प्रणालींपासून इतिहास सांगण्याचा प्रघात आहे. मात्र बेल प्रयोगशाळेत माइक लेस्क यांनी 1978 च्या सुमारास लिहिलेली ‘रेफर’ ही त्याआधीची असून 1979 मध्ये युनिक्स या संगणक-संचालन प्रणालीच्या सातव्या आवृत्तीबरोबर ती वितरित झाली. मजकुरात दोन खुणांच्या मध्ये ग्रंथकाराचे आडनाव व शीर्षकातील एखाद-दुसरा शब्द टाकला, की रेफर साठ्यातून पूर्ण नोंद शोधून काढी. साठ्यातील ओळीच्या आरंभी टक्केचिन्ह व एक रोमन अक्षर असे : ‘ए’ म्हणजे लेखक, ‘टी’ शीर्षक, ‘डी’ दिनांक. हीच खूणपद्धती एण्डनोटच्या आयात-फाइलींत आजही आढळते. त्यामुळे रेफरला आरंभस्थान देणे अधिक सयुक्तिक वाटते. ब्रायन रीड यांच्या ‘स्क्राइब’ या दस्तऐवज-मांडणी प्रणालीचा वाटाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. ऑरेन पटॅशनिक यांच्या बिबटेक या लाटेक-लिखाणासाठीच्या संदर्भप्रणालीने (1985) नोंदींची मांडणी बरीचशी तिच्यावरूनच घेतली.

रचना : नोंद आणि शैली अलग ठेवणे हे मूलतत्त्व. एकच नोंद एपीए शैलीत लेखक व वर्ष यांनी, तर व्हँकूवर शैलीत क्रमांकाने उल्लेखिली जाते. शैलीचे नियम स्वतंत्र फाइलीत असतात. सीएसएल या खुल्या शैलीभाषेत अशा 10,000 हून अधिक शैली उपलब्ध असून झोटेरो (2006) व मेंडेली दोन्ही तिचा वापर करतात. शैली-फाइलींवरून खटलाही झाला : एण्डनोटच्या तत्कालीन मालक कंपनीने 2008 मध्ये झोटेरो विकसित करणाऱ्या जॉर्ज मेसन विद्यापीठावर दावा लावला, तो 2009 मध्ये निकाली काढण्यात आला.

नोंदींची शुद्धता : डीओआय हा लेखाचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक दिल्यास लेखाचा तपशील आपोआप भरला जातो, पण मूळ तपशिलातील चुकाही सोबत येतात. लेखकाच्या रकान्यात संस्थेचे नाव व्यक्तीप्रमाणे भरले, तर ‘जागतिक आरोग्य संघटना’चे सूचीत ‘संघटना, ज. आ.’ होते व नोंद भलत्याच अक्षराखाली जाते. झोटेरोत यासाठी नावाचा एकच रकाना निवडावा लागतो. बिबटेकमध्ये नावाला महिरपी कंसांची आणखी एक जोडी घालतात. बिबटेकच्या अनेक शैली लेखाच्या इंग्रजी शीर्षकातील मोठी अक्षरे लहान करतात. ‘डीएनए’सारखी संक्षेपाक्षरेही त्यात बदलतात, म्हणून तीही कंसांत राखावी लागतात. जुन्या ग्रंथांना बहुधा डीओआय नसतो. त्यांची नोंद हातानेच करावी व ग्रंथ समोर असतानाच शीर्षकपानाशी ताडून पाहावी. प्रबंध सादर करण्याच्या आठवड्यात ग्रंथ पुन्हा मिळवणे कठीण जाते.

साठ्याचे स्थलांतर : प्रणाली बदलताना आरआयएस वा बिबटेक स्वरूपात नोंदी निर्यात करता येतात. रेफरन्स मॅनेजरची विक्री 2015 अखेर थांबली. त्याच्या निर्मात्या रिसर्च इन्फर्मेशन सिस्टिम्स या कंपनीने घडवलेले आरआयएस स्वरूप मात्र बहुतेक सर्व प्रणाली अजून वाचतात. टिपणे, संचांची विभागणी व जोडलेल्या पीडीएफ फाइली या निर्यातीत नेहमीच टिकतात असे नाही.