व्हॉट्सॲपवरील पसारा

कुटुंब, सोसायटी, शाळेतले पालक, जुने वर्गमित्र अशा गटांतून येणाऱ्या सुप्रभाताच्या चित्रांनी, सणांच्या शुभेच्छांनी आणि फॉरवर्ड केलेल्या व्हिडिओंनी फोन भरत जाणे, आणि त्याच गटांच्या सूचनांमुळे हातातल्या कामावरचे लक्ष वारंवार उडणे. ही दोन दुखणी जोडीने येत असली तरी त्यांचे उपाय वेगळे आहेत. गट म्यूट केला की आवाज थांबतो. फाइली मात्र उतरतच राहतात. बहुतेकांची फसगत इथेच होते.

म्हणून आधी नळ बंद करावा, मग पाणी उपसावे. ॲन्ड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधील ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये मीडिया आपोआप उतरण्याचे तीन पर्याय असतात: मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग. तिन्हींतल्या सर्व खुणा काढाव्यात. यानंतर चित्र पुसट दिसते आणि बोट लावले तरच उतरते. लग्नपत्रिका किंवा शाळेची सूचना असेल तर ती वेळीच उतरवून घ्यावी. फार दिवस गेल्यास पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवावी लागते. ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करणे हा यावरचा उपाय नव्हे. त्याने नवी चित्रे गॅलरीत दिसत नाहीत इतकेच, जागा ती खातातच.

साचलेला ढीग ‘मॅनेज स्टोरेज’मधून काढावा. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या दाखवलेल्या असतात. त्याखाली जास्त जागा खाणाऱ्या चॅट क्रमाने येतात. फॉरवर्डचा कप्पा बहुधा निर्धास्त रिकामा करता येतो. मोठ्या फाइलींत मात्र घरचे व्हिडिओ असतात, ते एकेक पाहूनच पुसावेत. पुसताना सर्व प्रती काढण्याचा पर्याय निवडावा. ही सफाई बॅकअपसाठीही महत्त्वाची: ॲन्ड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप २०२४ पासून गूगल खात्याच्या मोफत १५ जीबीत मोजला जाऊ लागला. तीच जागा जीमेल आणि गूगल फोटोज वापरतात, त्यामुळे ती भरली की नवे ईमेल येणेही थांबते.

लक्ष सांभाळण्यासाठी उलट्या बाजूने विचार करणे बरे. कोणाच्या निरोपाला खरोखर लगेच धावावे लागते? घर, मुलांची शाळा, फार तर कामाचा एक गट. बाकी गट ८ तास किंवा आठवड्यासाठी नव्हे, कायमचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकावेत आणि सेटिंग्जमधील ‘कीप चॅट्स अर्काइव्ह्ड’ चालू ठेवावे. ते बंद असेल तर नवा निरोप येताच गट पुन्हा यादीच्या वर चढतो.

गटातले निरोप २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी आपोआप नाहीसे होण्याची सोयही आहे. फाइली आपोआप उतरणे चालू असेल तर फोनच्या गॅलरीत पोहोचलेली चित्रे मात्र त्याने जात नाहीत. ती हातानेच पुसावी लागतात.