बिशप पिन्यो आणि कागदावरच राहिलेला तह

व्हिएतनामच्या इतिहासात एक समज दीर्घकाळ रुजलेला आहे. फ्रेंच मिशनरी बिशप पिन्यो द बेहेन यांनी व्हर्सायच्या फ्रेंच राजदरबारात तह घडवून आणला आणि त्यानुसार आलेल्या फ्रेंच सैन्यानेच व्हिएतनामच्या सत्तेसाठी लढणारे राजवंशीय न्गुएन आन्ह यांना गादीवर बसवले, असे मानले जाते. सायगावच्या (आजचे हो ची मिन्ह सिटी) कॅथेड्रलसमोर फ्रेंच राजवटीने उभारलेल्या आणि 1945 मध्ये हटवलेल्या पुतळ्यात एका हाताने न्गुएन आन्ह यांचा मुलगा बालराजपुत्र कान्ह याला धरलेल्या बिशपांच्या दुसऱ्या हातात तोच तह होता. हा समज जणू ब्राँझमध्येच ओतला गेला होता.

तह झाला, हे खरेच. 28 नोव्हेंबर 1787 रोजी फ्रान्सने चार फ्रिगेट (युद्धनौका) आणि सुमारे 1,650 सैनिक देण्याचे मान्य केले आणि त्या बदल्यात तुरान (आजचे दा नांग) बंदर व पुलो कोंदोर बेट मागितले. मात्र अंमलबजावणी पाँडिचेरीचे गव्हर्नर कॉनवे यांच्यावर सोपवलेली होती आणि त्यांनी मोहीम काढलीच नाही. तेव्हा बिशपांनी व्यापाऱ्यांकडून पैसा उभा करून जहाजे, दारूगोळा आणि काही स्वयंसेवक जमवले व 1789 मध्ये ते परतले. सायगाव तर न्गुएन आन्ह यांनी आदल्याच वर्षी स्वबळावर घेतले होते.

त्या स्वयंसेवकांनी किल्लेबांधणीत आणि आरमारात मोलाची मदत केली, ती नाकारणे अन्यायाचे ठरेल. पण 1799 मध्ये क्वी न्योन शहराच्या वेढ्यादरम्यान बिशप वारले आणि न्गुएन आन्ह 1802 मध्ये जा लाँग या नावाने सम्राट झाले, ते ख्रिस्ती न होताच.