नाशिक धर्मप्रांत: गादी नाशिकला, मुळे नगर जिल्ह्यात

नाशिकच्या कॅथॉलिक धर्मप्रांताविषयी दोन गल्लती होतात. पहिली म्हणजे त्याला महाधर्मप्रांत समजणे. धर्मप्रांत म्हणजे बिशपच्या अखत्यारीतला मुलूख, महाधर्मप्रांत म्हणजे आर्चबिशपचा; आणि नाशिक हा महाधर्मप्रांत नव्हे. महाधर्मप्रांत मुंबईचा असून नाशिक, पुणे आणि वसई हे धर्मप्रांत त्याच्या कक्षेत येतात. २००८ मध्ये नाशिकला आलेले फेलिक्स मच्याडो यांना आर्चबिशप ही पदवी व्यक्तिशः मिळालेली होती, त्यामुळे ही गल्लत होणे स्वाभाविक आहे. दुसरी गल्लत म्हणजे नाशिकची शरणपूर वसाहत कॅथॉलिकांची मानणे. आफ्रिकेतील मुक्त गुलामांना आसरा देणारी आणि आफ्रिकेचा संशोधक लिव्हिंग्स्टन याच्या मोहिमांना माणसे पुरवणारी ती वसाहत चर्च मिशनरी सोसायटीची, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन पंथाच्या संस्थेची होती. कॅथॉलिकांचा इतिहास त्याहून वेगळ्या वाटेने आला आहे.

ही वाट दुहेरी होती. पहिली लोहमार्गाची आणि छावणीची. इगतपुरी, मनमाड, भुसावळ येथील रेल्वेच्या नोकरवर्गात गोवेकर आणि अँग्लो-इंडियन कॅथॉलिक होते, तर देवळालीत पलटणीतले. त्यांच्या उपासनेसाठी तेथे चर्च उभी राहिली. हे बहुतेक बाहेरून आलेले, बदलीबरोबर पुढे जाणारे लोक होते.

दुसरी वाट दुष्काळाच्या पाठोपाठ नगर जिल्ह्यातील खेड्यांत पोहोचली, आणि आजच्या धर्मप्रांताचा खरा पाया तीच आहे. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचे प्रॉटेस्टंट काम १८३१ पासून चालू होते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर जेसुइट या कॅथॉलिक संघाच्या जर्मन धर्मगुरूंनी राहुरी तालुक्यातील केंदळ, वळण अशा गावांत ठाण मांडले. त्यांच्याकडे आलेली कुटुंबे प्रामुख्याने गावकुसाबाहेरची होती, हे नमूद केल्याशिवाय येथील धर्मग्रामांची (एकेका चर्चच्या कक्षेतील वस्त्यांची) रचना, त्यांच्या शाळा आणि वसतिगृहे यांचा अर्थ लागत नाही. १८८६ मध्ये पुणे हा स्वतंत्र धर्मप्रांत झाल्यावर हा सगळा मुलूख पुण्याच्या बिशपांच्या अखत्यारीत आला.

केंदळहूनच १९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. एका लहानशा खेड्यातून, एका जर्मनाने, मराठीत मासिक काढावे, ही गोष्ट मराठी नियतकालिकांच्या इतिहासातही नोंदवण्याजोगी आहे. डोरिंग १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. परंतु पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणजे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरल्याने त्यांना भारतात परतू दिले नाही. १९२१ मध्ये त्यांना जपानात हिरोशिमाला नेमण्यात आले आणि १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याच्या गादीवर आले. जर्मन धर्मगुरूंची जागा पुढे मुख्यतः स्विस जेसुइटांनी घेतली. त्यांतीलच फादर हर्मन बाखर यांचे नाव नगरच्या कोरडवाहू शेतकऱ्यांना प्रवचनांपेक्षा पाणलोटाच्या कामामुळे अधिक परिचित आहे.

१५ मे १९८७ रोजी पुण्यातून वेगळा काढून नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला. नाशिक, नगर (आता अहिल्यानगर), धुळे आणि जळगाव हे जिल्हे त्यात आले. धुळ्यातून १९९८ मध्ये निघालेला नंदुरबार हा पाचवा. पहिले बिशप थॉमस भालेराव हेही जेसुइटच होते आणि २००७ पर्यंत त्यांनी ही धुरा वाहिली. गादी नाशिकला ठेवली असली तरी लोकवस्तीचे पारडे नगरकडेच झुकलेले राहिले. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते आणि तेथे मुंबई-वसईचे भाविक मोठ्या संख्येने दिसतात. श्रीरामपूरजवळच्या हरेगावात, साखर कारखान्याच्या जुन्या मळ्यांच्या परिसरात, १९४९ पासून मतमाउलीची, म्हणजे येशूची आई मरिया हिची, यात्रा भरत आली आहे, आणि सप्टेंबरच्या त्या दिवसांत नगरकडच्या गावोगावची कुटुंबे पायी, टेम्पोने आणि एसटीने तिकडे निघतात.