मेरुप्रस्तार
मेरुप्रस्तार : दिलेल्या वस्तूंतून एक, दोन, तीन अशा वस्तू किती प्रकारे निवडता येतील हे दाखविणारी अंकांची त्रिकोणाकृती मांडणी. शिखरावरील घरात १ लिहून खालच्या प्रत्येक ओळीत एकेक घर वाढवितात. ओळीच्या दोन्ही टोकांना १ आणि मधल्या प्रत्येक घरात वरच्या लगतच्या दोन घरांची बेरीज येते. पाश्चात्त्य ग्रंथांत हिला पास्कालचा त्रिकोण म्हणतात.

या मांडणीचा उगम छंदःशास्त्रात, म्हणजे पद्यातील वृत्तांच्या शास्त्रात आहे, मात्र तिचे कर्तृत्व वादग्रस्त आहे. पिंगलाच्या छंदःसूत्राचा काळ सामान्यतः इ. स. पू. ३ रे ते २ रे शतक असा धरतात, परंतु तो निश्चित नाही. त्याच्या आठव्या अध्यायातील ‘परे पूर्णमिति’ या सूत्राचे विवरण करताना दहाव्या शतकातील टीकाकार हलायुध मेरूची घरे भरण्याची रीत तपशीलवार सांगतो. मूळ सूत्रात घरांचा वा बेरजेचा स्पष्ट उल्लेख नाही. सूत्रग्रंथाच्या अखेरीस शब्दांची द्विरुक्ती करण्याची प्रथा पाहता हे सूत्र केवळ समाप्तिदर्शक असणेही शक्य आहे. त्यामुळे आकृतीचे श्रेय पिंगलाला निःशंकपणे देण्यापेक्षा, लघु-गुरूंच्या (ऱ्हस्व व दीर्घ उच्चारांच्या अक्षरांच्या) गणनेची परंपरा जुनी आणि आकृतीचे उपलब्ध स्पष्ट वर्णन हलायुधाचे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. निवडींची गणना मात्र त्यापूर्वीच रूढ होती : वराहमिहिराने बृहत्संहितेत (सहावे शतक) सोळा सुगंधी द्रव्यांतून चार निवडण्याचे १,८२० प्रकार दिले आहेत, तर महावीराचार्यांच्या गणितसारसंग्रहात (नववे शतक) त्यासाठी सामान्य नियमच आढळतो.

वृत्तांतील गण लक्षात ठेवण्याचे ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र पाठ केलेल्या विद्यार्थ्याच्या हाती मेरूची १, ३, ३, १ ही ओळ आधीच असते. तीन अक्षरांच्या आठ गणांपैकी न गणात एकही गुरू नाही. भ, ज, स या तिघांत एकेक, य, र, त या तिघांत दोन-दोन आणि म गणात तिन्ही गुरू आहेत. लघूच्या जागी अ आणि गुरूच्या जागी ब मानून (अ + ब) चा घन विस्तारला, तर सहगुणक तेच येतात, कारण तीन कंसांपैकी किती कंसांतून ब उचलायचा एवढाच प्रश्न तेथेही असतो.

संभाव्यतेच्या उदाहरणांत हीच मांडणी उपयोगी पडते. चार नाणी फेकली असता नेमके दोन छापे मिळण्याची संभाव्यता विचारल्यास, छापे शून्य ते चार असे पाच प्रकारचे म्हणून १/५ हे उत्तर पुष्कळदा लिहिले जाते. ते चूक आहे, कारण हे पाच प्रकार समसंभाव्य नाहीत. नमुना अवकाशात (सर्व शक्य निकालांच्या संचात) १६ निष्पत्ती असून त्या छाप्यांच्या संख्येनुसार १, ४, ६, ४, १ अशा विभागतात. म्हणून उत्तर ६/१६, म्हणजे ३/८. शिकविताना या सोळा निष्पत्ती एकदा तरी हाताने लिहवून घेणे अगत्याचे आहे, कारण ६ हा अंक कोठून आला ते त्याशिवाय पटत नाही.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) सहा रसांपासून (चवींपासून) किती पदार्थ होतील असा प्रश्न आहे. ६, १५, २०, १५, ६, १ यांची बेरीज ६३ हे त्याचे उत्तर. मेरूच्या सातव्या ओळीतील पहिला १, म्हणजे एकही रस नसलेला पदार्थ, येथे सोडून दिला आहे.