रिकामा पडलेला बॅटरी पॅकही तितकाच धोक्याचा

कॉर्डलेस ड्रिलच्या १८ व्होल्टच्या बॅटरी पॅकमध्ये ओळीने जोडलेले पाच लिथियम-आयन सेल असतात. एका सेलचे सरासरी ३.६ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. तशाच पाच सेलच्या पॅकवर काही कंपन्या ‘२० व्होल्ट’ छापतात, त्याने ताकद वाढत नाही.

सेलमध्ये तांब्याची आणि अ‍ॅल्युमिनियमची लेप दिलेली पातळ पट्टी एकत्र गुंडाळलेली असते. दोन्ही लेप एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा सच्छिद्र पापुद्रा, साधारण २० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून बारीक. तो फाटला की आतल्या आत शॉर्ट होतो, सेल तापतो, उष्णतेने आतल्या रासायनिक क्रिया भडकतात आणि सेल आणखी तापतो. आतला द्रवही ज्वालाग्राही.

पॅक आपटला, चेपला की पापुद्रा फाटू शकतो, हे कळतं. पण कपाटात सहा-आठ महिने रिकामा पडलेला पॅकही तितकाच संशयास्पद असतो. सेलचं व्होल्टेज फार खाली गेलं की पट्टीचं तांबं द्रवात विरघळू लागतं. पुढे चार्जिंग करताना तेच तांबं भलत्या ठिकाणी जमतं आणि पापुद्र्याच्या आरपार पोचू शकतं. म्हणून चांगला चार्जर असा पॅक घेत नाही, नुसता लाल दिवा लुकलुकवतो. अशा वेळी दुसऱ्या पॅकवरून वायर लावून त्याला ‘उठवण्याची’ युक्ती बरेच जण सांगतात. ती अजिबात करू नका. पॅक ठेवून द्यायचाच असेल तर पॅकवरच्या चारपैकी दोन दिवे लागतील इतका चार्ज ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी तपासा.

ड्रिल दाबून चालवल्यावर पॅक हाताला चटका देत असेल, तर निवल्यावरच चार्जिंगला लावा. शून्य अंशाखालच्या थंडीत मात्र चार्जिंग टाळाच; तेव्हा लिथियम आत न मुरता पृष्ठभागावर धातू होऊन साचतं. बऱ्याच पॅकवर प्लस-मायनसखेरीज ‘टी’ लिहिलेली पट्टी दिसते. तिच्यावरून चार्जरला आतलं तापमान कळतं. भलत्या चार्जरला ते कळेलच असं नाही.

ट्रिमर आणि हातातल्या व्हॅक्यूम क्लीनरची गोची वेगळी. पिन बसते म्हणून ५ व्होल्टच्या ट्रिमरला १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावला जातो. जुळवायचे ते व्होल्टचे आकडे, पिन नव्हे. आणि ड्रिलचं बिट बदलताना पॅक आधी काढा. बटण चुकून दाबलं जातंच.

फुगलेला पॅक दाबू नका, टोचू नका, चार्ज तर मुळीच करू नका. जमिनीवर, जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवा. धूर येऊ लागला तर खोली सोडा, आगीच्या बंबाला बोलवा. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. निकामी पॅक ओल्या-सुक्या कचऱ्यात नको, कारण कचऱ्याच्या गाडीत तो चेपला जातो. टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा संकलनात द्या.