ओट्सच्या कण्या आणि न वाजणारी शिट्टी

स्टील कट ओट्स पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा मला ज्वारीच्या कण्याच आठवल्या. तसाच टणक, भुरकट, टोकदार तुकडा. नेहमीचे ओट्स म्हणजे पोहे: दाणा वाफवून रुळांखाली चपटा केलेला. स्टील कट म्हणजे कण्या: टरफल काढलेला दाणा पोलादी पात्यांनी दोन-तीन तुकड्यांत कापलेला, बस. स्कॉटलंडमधल्या कारब्रिज गावात 1994 पासून पॉरिजची, म्हणजे ओट्सच्या पेजेची, जागतिक स्पर्धा भरते. तिच्या पारंपरिक गटात ओट्स, पाणी आणि मीठ यांपलीकडे काही चालत नाही. ढवळायला स्पर्टल नावाचं लाकडी दांडकं असतं. घरी साध्या पातेल्यात हे ओट्स करायचे तर मंद आचेवर अर्धा तास जातो; माझ्याकडे ते इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये होतात.

एवढा वेळ का लागतो? उष्णता दाण्याच्या गाभ्यापर्यंत लवकर पोचते, पण पाणी रेंगाळतं. कणाकणाने आत झिरपणाऱ्या पाण्याला दुप्पट अंतर कापायला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून चपटे ओट्स पाच मिनिटांत होतात आणि कण्या अडून बसतात. आतला स्टार्च 60 अंशांच्या आसपास फुगायला तयार असतो, फक्त त्याच्यापर्यंत पाणी यायला हवं.

इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडली की पाणी 100 ऐवजी साधारण 115 अंशांपर्यंत तापतं आणि झिरपण्याचा वेग वाढतो. गॅसवरच्या आपल्या कुकरमध्ये पारा 120 च्या आसपास जातो, पण तिथे शिट्टीगणिक वाफ निसटते आणि आत खळबळ होते. इलेक्ट्रिक कुकर शिट्टी देतच नाही. हवा तेवढा दाब झाला की तो स्वतःच आच कमी-जास्त करत राहतो. वाफ वाया जात नाही, म्हणून पातेल्यात वाटीभर ओट्सला चार वाट्या पाणी लागतं तिथे इथे तीन पुरतात.

दाबाखाली चारच मिनिटं लावायची. पण त्यानंतर कुकर आपोआप पडेपर्यंत जी पंधरा-वीस मिनिटं जातात, तीच खरी शिजण्याची. तापमान 115 वरून 100 कडे उतरत असतं आणि स्टार्चला ते पुरेसं आहे. पाणी शांतपणे आत जात राहतं.

सुरुवातीला मी घाईने वाफ सोडली होती. झडपेतून पिठूळ फेस उडाला, भिंतीपर्यंत गेला. नंतर हिशेब मांडला. 600 मिलिलिटर पाणी 115 वरून एकदम 100 वर यायचं तर जास्तीची उष्णता वाफेवाटेच जाते. त्यात जेमतेम 17 ग्राम, म्हणजे तीनेक चमचे पाणी उकळून जातं. पण या 17 ग्रामांची वाफ 28 लिटर होते! कुकरचं भांडं सहा लिटरचं. शिवाय उकळी तळाशी न येता सगळीकडून एकदम फुटते आणि चिकट पेजेत प्रत्येक बुडबुडा अडकतो. म्हणून भांडं अर्ध्याहून जास्त भरू नये, आणि चमचाभर तूप घालावं. तुपाने फेस बसतो.

कधी कधी तळ लागल्याचा इशारा येतो. ओट्स खाली बसतात, पेज घट्ट होते, पाणी खालीवर फिरू शकत नाही आणि तळ तापत जातो. यावर उपाय आपल्या घरातच आहे. वरण-भाताला लावतो तसा डबा. भांड्यात पेलाभर पाणी, त्यावर जाळी, जाळीवर ओट्स-पाण्याचा डबा. थेट आच लागतच नाही. दूध मात्र आधी घालू नये. ते तळाला धरतं आणि फेसही वाढवतं.

झाकण काढल्यावर वर पाणी सुटलेलं दिसतं. घाबरून फेकू नका. ढवळा आणि पाच मिनिटं थांबा, सगळं एकजीव होतं. हा दाटपणा स्टार्चइतकाच बीटा-ग्लुकनचा, ओट्समधल्या विरघळणाऱ्या तंतूचा. 1997 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कोलेस्टेरॉलच्या संदर्भात ओट्सचा दावा मान्य केला तो याच तंतूच्या जोरावर, रोज 3 ग्राम या हिशेबाने. 40 ग्राम कोरड्या ओट्समधून दीड-दोन ग्राम मिळतात.

उरलेलं फ्रिजमध्ये वडीसारखं घट्ट बसतं, कारण गार होताना स्टार्चच्या साखळ्या पुन्हा जवळ येतात. सकाळी त्यात गरम दूध घालून चमच्याने मोडलं की ते परत सैल होतं, आणि कण्या तशाच दाताखाली येतात.